हातमोजे घातलेल्या बातम्या

चौकटवालीचं दुभाषेपण सुरू झालं ते एका भांडणातून. तेव्हा ती वखारीच्या काउंटरवरून जेमतेम डोकं वर काढेल एवढी होती. तिचे बाबा सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. म्हणतात म्हणजे खांद्यावर थाप मारून बोलावतात, कारण मिस्त्रींना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या दिवशी वखारवाल्याने ओली फळी कोरडी म्हणून त्यांच्या गळ्यात मारली होती. मिस्त्रींनी हातांनी जे काय सुनावलं ते पोरीने मालकाला जसंच्या तसं तोंडाने सांगितलं. त्यात मालकाच्या अकलेचं, पोटाचं आणि मेहुण्याचंसुद्धा सविस्तर वर्णन होतं.

मालक लालबुंद. "एवढीशी पोर आणि काय ही भाषा!"

पोरीने तेही इमानेइतबारे बाबांना हातांनी कळवलं.

"त्याला सांग," मिस्त्री म्हणाले, "भाषा माझी आहे. पोर नुसती पोचवते."

तिने तेही पोचवलं. फळी बदलून मिळाली, आणि पोरीला आयुष्यभराचा नेम मिळाला: बोलणं कुणाचंही असो, पदरचं एक अक्षर घालायचं नाही आणि समोरच्याचं एक अक्षर गाळायचं नाही.

आता ती चाळिशीच्या पुढे गेली आहे. संध्याकाळच्या बातम्यांत पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, तिच्यात उभी राहून ती बातम्या खुणांच्या भाषेत सांगते. म्हणून ती चौकटवाली. गडद रंगाचे साधे कपडे, बोटात अंगठी नाही, हातात घड्याळ नाही, म्हणजे बघणाऱ्याची नजर दुसरीकडे जाऊ नये. घरात मात्र हिच्या हाताजवळ कप ठेवायची सोय नाही. गप्पा रंगल्या की कप गेला. आणि बाईंना घमेंड आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगत आले आहे. "या शहरात माझ्याइतकी स्वच्छ बोटं कुणाची नाहीत," असं ती स्वतःच सांगते, आणि पंचाईत अशी की ते खरं आहे.

माझा भाऊ ऐकत नाही, त्याच्यामुळे मला खुणा येतात. खुणा येतात म्हणून आमच्या खालच्या वस्तीतल्या कर्णबधिरांच्या संघटनेचं काम माझ्या गळ्यात पडलं. लोक म्हणतात, मी ते ओढून घेतलं. म्हणोत.

खालची वस्ती म्हणजे खरोखरच खालची. टीव्हीचा मनोरा टेकडीवर, आम्ही खोलगटात, आणि मध्ये काचेची एक उंच इमारत आडवी उभी. तिच्यामुळे आमच्याकडे सिग्नल पोचेपर्यंत अर्धमेला होतो. डिजिटल प्रसारण आल्यापासून आमच्या टीव्हीचा स्वभाव एकदम टोकाचा झाला होता. चित्र आलं तर लख्ख, नाहीतर नुसते चौकोन. खेळाडूने चेंडूला लाथ मारायला पाय उचलला की तो पाय तसाच अधांतरी. जरा वारा सुटला की निवेदकाचं नाक कपाळावर. आम्ही अर्ज केले, मोर्चा काढला, मनोऱ्याखाली बसून घोषणा दिल्या. वरून कुणी तरी हात हलवला, एवढंच.

मग एक दिवस टीव्ही केंद्राने नवीन पद्धतीची चाचणी सुरू केली, आणि काय सांगू, चित्र तुटायचं बंद झालं! थोडं धूसर यायचं, पण यायचं. वारा असो, पाऊस असो, पाय चेंडूपर्यंत पोचायचा. वस्ती खूश. मीसुद्धा खूश होते, आणि खूश असले की मला काही तरी चुकतंय असं वाटायला लागतं.

ते काय चुकलं होतं, ते आमच्याच वस्तीतल्या मिस्त्रींच्या घरी कळलं.

आमच्या कार्यालयातल्या बाकाचा पाय लंगडत होता म्हणून मी तो घेऊन त्यांच्याकडे गेले होते. दोन जिने चढून वरची खोली, खिडकीपाशी रंधा, टीव्हीवर भुशाचा थर. सुट्टीचा दिवस होता. तेवढ्यात चौकटवाली आली. मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला.

"आली टीव्हीवरची बाई."

"काय झालं, बाबा?"

"हल्ली बोबडी बोलतेस."

"मी?"

"तोंडाने काय बोलतेस ते मला काय माहीत! हातांनी बोबडी बोलतेस. काल कुणी तरी मंत्र्याने राजीनामा दिला की जांभई दिली, शेवटपर्यंत कळलं नाही."

चौकटवालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाबा, माझ्या हातांना नाव ठेवायचं नाही."

"मग तिथे हातमोजे घालून उभी राहतेस की काय?"

झालं. दोघांचे हात असे काही सुटले की मी बाकासकट भिंतीला टेकले. ज्यांनी खुणांचं भांडण पाहिलं नाही त्यांना सांगते, त्यात हुकमी एक्का एकच: डोळे मिटून घ्यायचे. समोरचा कितीही ओरडेना का, आपण ऐकतच नाही. मिस्त्रींनी डोळे मिटले. चौकटवालीने पाय आपटला, जमीन हादरली की त्यांना कळतं म्हणून. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. तिने आणखी जोरात आपटला. खालच्या मजल्यावरची बाई खिडकीतून ओरडली, "अहो, छत खाली आणता का आमचं?"

मी मुकाट्याने टीव्ही लावला. सुट्टीच्या दिवशी आदल्या संध्याकाळच्या बातम्या दुपारी पुन्हा दाखवतात.

चौकटवाली पडद्याकडे बघत राहिली. जवळ गेली, लांब आली. बाहीने काच पुसली. कोपऱ्यात ती होती, तिचा गडद वेश होता, तिचे हात झपाझप हलत होते. पण मनगटाच्या पुढे बोटंच नव्हती. दोन पिठाचे गोळे एकमेकांभोवती फिरत होते.

"ही मी?"

मिस्त्रींनी एक डोळा किलकिला केला. "तूच. आता सांग, राजीनामा की जांभई?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी केंद्रात मुख्य इंजिनिअरच्या खोलीत. हा माणूस लांबसडक, डोळ्यांवर चष्मा, कपाळावर आणखी एक चष्मा. भिंतीवर पडद्यांची ओळ आणि सगळ्यांवर एकच चित्र: डावीकडे लख्ख, उजवीकडे जावं तसं मळकट होत जाणारं. चौकटवाली इतकी वर्षं इथे काम करते, पण तिने फक्त डावीकडचा पडदा पाहिला होता. उजवीकडे बघायची वेळच आली नव्हती.

"पूर्वी आपण अख्खं चित्र एका गाठोड्यात बांधून पाठवत होतो," इंजिनिअर सांगू लागला. "गाठोडं धड पोचलं तर चित्र, नाहीतर काहीच नाही. आता तेच चित्र थराथराने पाठवतो. सगळ्यात खालचा थर दणकट, तो कुठेही पोचतो. त्यात माणूस कोण आणि कुठे बसलाय एवढं असतं. त्याच्यावरचे थर नाजूक, त्यांत बारीक तपशील. सिग्नल जोरदार असेल तिथे सगळे थर एकावर एक बसतात. कमजोर असेल तिथे खालच्यावर भागतं, पण पडदा कधी रिकामा राहत नाही."

"म्हणजे वरच्यांना कोट आणि आम्हाला अस्तर," मी म्हटलं.

"बाई, हा गरिबी-श्रीमंतीचा प्रश्न नाही. टेकडीचा आहे."

"टेकडीवर राहतं कोण?"

त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि डोळ्यांवरचा कपाळावर नेला. माणूस वाईट नव्हता. या थरांवर त्याने बरीच वर्षं घालवली होती, आणि खोलगटात पहिल्यांदा न अडखळता चित्र पोचलं तेव्हा हा एकटाच खुर्चीवर उभा राहून नाचला होता म्हणे.

"माझी बोटं कुठल्या थरात आहेत?" चौकटवालीने विचारलं.

"सगळ्यात वरच्या."

"आणि ती खाली आणता येतील?"

"येतील. पण खालच्या थरात जागा मोजकी. तुमच्या चौकटीला जास्त द्यायची तर दुसऱ्या कुणाची तरी काढायला हवी. ती कुणाची काढायची हे वरिष्ठांनी सांगावं."

वरिष्ठ म्हणजे संचालक. ते तेवढ्यात आलेच. तकतकीत बूट, दरवळणारा वास, चेहऱ्यावर लोकार्पणाचं हसू. आमचं म्हणणं त्यांनी उभ्याउभ्या ऐकलं.

"पण तक्रारी कुठे आहेत?" ते म्हणाले. "आम्ही रीतसर पाहणी केली आहे. कर्णबधिर प्रेक्षकांकडून एकही तक्रार नाही."

"पाहणी कशी केलीत?"

"फोनवरून."

मी चौकटवालीकडे बघितलं. चौकटवालीने इंजिनिअरकडे. इंजिनिअर छताकडे बघायला लागला.

"बहिऱ्या माणसांना फोन लावलात?" माझा आवाज चढला.

"लावले, पण कुणी तक्रार केली नाही," संचालक म्हणाले. खोटं सांगते असं कुणाला वाटेल, पण त्यांना खरंच काही खटकलं नव्हतं. पुढे म्हणाले, "आणि तुम्हीच म्हणता खालच्या थरात बोटं दिसत नाहीत, तर ती चौकट हवी कशाला? उगाच कोपरा अडतो. या आठवड्याच्या शेवटी मंडळ बसणार आहे, तेव्हा चौकट काढण्याचा विषय ठेवतो. खाली अक्षरांची पट्टी सोडू. वाचा म्हणावं."

मिस्त्रींना अक्षरं येतात ती लाकडाच्या मापापुरती. त्यांच्या वयाच्या आमच्या बहुतेक सभासदांचं तेच. त्यांना शाळेत घेतलंच नव्हतं कुणी. चौकट गेली की जगात काय चाललंय ते मिस्त्रींना सांगणारं कुणी उरणार नव्हतं, आणि त्यांच्या लेकीचे बोलणारे हात त्यांच्या खोलीत रोज यायचे ते थांबणार होते. बाहेर आल्यावर मी चौकटवालीला म्हटलं, "उद्याच मोर्चा काढू."

"नको, तुझा मोर्चा ते खिडकीतून बघतात आणि खिडकी लावून घेतात."

"मग काय करायचं?"

"मला जरा बाजारात जायचंय."

बाजारात ती थेट लोकरीचे कपडे विकणाऱ्याकडे गेली. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि ही हातमोज्यांचा ढीग उपसत बसली. त्यातही बोटांचे नकोत. अंगठा वेगळा आणि बाकीच्या चौघांना मिळून एकच खोळ, तसलेच हवेत. एकेक जोडी मनगटाला लावून रंग जुळवून बघत होती.

"बाई, या उकाड्यात?" विक्रेता म्हणाला.

"एका ठिकाणी थंडी जास्त आहे."

बरोब्बर तिच्या कातडीच्या रंगाचा जोड सापडला, तेव्हा ती अशी हसली की मला घाम फुटला. "अगं, नोकरी जाईल."

"मी एक शब्द गाळणार नाहीये," ती म्हणाली. "नेम म्हणजे नेम."

मंडळ बसायच्या आदल्या संध्याकाळी मी मिस्त्रींकडे जाऊन बसले, हिचा प्रताप बघायला. बातम्या सुरू झाल्या. निवेदक बोलायला लागला, कोपऱ्यात चौकट आली, चौकटीत ती. दोन पिठाचे गोळे एकमेकांभोवती फिरायला लागले, नेहमीसारखे. मी डोळे फाडून बघत होते. नेहमीसारखेच! शेवटपर्यंत काही झालं नाही. कच खाल्ली बाईने, मी मनात म्हटलं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. एरवी केवढी घमेंड, आणि वेळ आल्यावर शेपूट घातलं.

मिस्त्री मान डोलावत म्हणाले, "आज जरा बरी बोलली."

आणि माझा फोन थरथरायला लागला, थांबेचना. टेकडीवरच्या आमच्या सभासदांचे निरोप येत होते, पडद्यांचे फोटो येत होते. फोटोंत लख्ख चित्र, लख्ख चौकट, आणि चौकटीत लोकरीचे हातमोजे घालून अत्यंत गंभीर चेहऱ्याने बातम्या सांगणारी आमची बाई. मी फोटोकडे बघितलं, मिस्त्रींच्या टीव्हीकडे बघितलं, आणि हसता हसता भुशात बसले. आमच्याकडे फरकच पडला नव्हता. हातमोजे होते ते टेकडीवाल्यांना दिसले, आम्हाला ते रोजच दिसत होते.

तिकडे केंद्रात हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? चौकटीसाठी तिची वेगळी खोली असते, पाठीमागे हिरवं कापड, समोर एक कॅमेरा. नियंत्रण कक्षातल्या लोकांचं काम एवढंच, की चौकटीत बाई आहे ना. होती. एकाने विचारलं म्हणे, हातमोजे कशाला? दुसरा म्हणाला, एसी वाढवला असेल. सगळ्या केंद्रात खुणा कळणारं एकच माणूस, आणि ते चौकटीत होतं.

सकाळपर्यंत केंद्राच्या निरोपांची पेटी तुंबली. मंडळातल्या एका सभासदाच्या आत्याबाई टेकडीवर राहतात. त्यांना ऐकू येत नाही पण लिहिता झकास येतं. त्यांनी भाच्याला कळवलं, की तुमच्या बाईचे हात कुणी बांधलेत ते बघ आणि सोड, नाहीतर मी येते.

संचालकांनी चौकटवालीला बोलावलं. ती मला घेऊन गेली. म्हणजे मी गेलेच. इंजिनिअर आधीच येऊन बसला होता, मांडीवर एक पडदा घेऊन.

"ही शुद्ध बेशिस्त आहे," संचालक म्हणाले. दरवळ आज नव्हता, गडबडीत राहिला असावा. "हजारो प्रेक्षकांपर्यंत बातमी पोचली नाही!"

"सर, मी सगळी सांगितली. बोटं आत होती, सगळी बोलत होती. चाचणी सुरू झाल्यापासून खालच्या वस्तीत हेच चाललंय. त्यांना तुम्ही फोन करून विचारलंत, कसं वाटतंय."

"तुम्हाला पडद्यावर माफी मागावी लागेल."

"मागते," चौकटवाली म्हणाली. "तेच हातमोजे घालून मागते."

इंजिनिअरला ठसका लागला. पाणी पिऊन त्याने मांडीवरचा पडदा टेबलावर ठेवला. "सर, एक छोटीशी चाचणी. ही दोन चित्रं बघा. दोन्ही खालच्या थरातली, खोलगटात दिसली तशी. एक परवाचं, एक कालचं. हातमोजे कुठल्यात आहेत?"

संचालक वाकले. चष्मा लावला. बराच वेळ बघितलं, मग ठामपणे बोट ठेवलं. "यात. स्पष्ट दिसतायत."

"ते परवाचं आहे, सर. उघड्या हातांचं."

इंजिनिअरने पडदा त्यांच्याकडे आणखी सरकवला. मी हसू दाबलं, आणि हे मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

"मंडळासमोर हेच ठेवू का?" इंजिनिअरने साळसूदपणे विचारलं. "सभासद ओळखतील कदाचित."

संचालकांनी चष्मा काढला, पुसला. "चौकटीला जागा द्यायची तर कुणाची काढावी लागेल म्हणालास?"

"निवेदकाच्या पाठीमागे ती चकाकणारी पृथ्वी फिरत असते ना, सर, तीच सगळ्यात जास्त खाते. सतत फिरते, सतत चमकते, प्रत्येक क्षणी नव्याने पाठवावी लागते. तिच्यापुढे बोटं म्हणजे काहीच नाहीत. आणि निवेदकांचे ते बारीक चौकडीचे कोट."

"मग करायचं काय?"

"पृथ्वी थांबवावी लागेल."

"थांबवा," संचालक म्हणाले, आणि पृथ्वी थांबली.

मंडळाने काही खळखळ केली नाही. आत्याबाईंचा भाचा आधीच कामाला लागला होता. खालच्या थरातली बरीचशी जागा आता त्या कोपऱ्यातल्या चौकटीला मिळते. पृथ्वी एका जागी गप्प उभी असते, तिची कुणालाही आठवण येत नाही. चौकडीचा कोट गेल्यामुळे निवेदक मात्र रुसला. आमच्याकडे त्याचा चेहराही उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत दिसायला लागला. पण वस्तीतल्या बायका म्हणाल्या, हा एकदम तरुण कसा काय झाला? हे मी त्याच्या कानावर घातल्यापासून त्याने तक्रार सोडली आहे. संचालक हल्ली भाषणात सांगतात, चौकटीची कल्पना त्यांचीच. सांगोत. हातमोज्यांपैकी एक इंजिनिअरने मागून घेतला आणि उजवीकडच्या शेवटच्या पडद्यावर टांगून ठेवला. दुसरा चौकटवालीकडे आहे. परत लागेल, असं ती म्हणते, आणि मला तेच आवडतं तिचं.

नवी सोय सुरू झाल्यावरच्या पहिल्याच सुट्टीला आम्ही दोघी मिस्त्रींकडे गेलो. बाकाचा पाय तयार होता. चौकटवाली दारातच उभी राहिली, हात कमरेवर, मान ताठ. मग हात मोकळे करून म्हणाली, "काय बाबा? बोबडी का मी अजून?"

मिस्त्रींनी सावकाश भुसा झटकला. "काल त्या दुसऱ्या मंत्र्याने राजीनामा दिला."

"दिला."

"तब्येतीचं कारण सांगून."

"हो."

"आणि ते कारण सांगताना तुझी करंगळी जरा थरथरली. तुला हसू येत होतं."

चौकटवालीने करंगळी मुठीत लपवली. ही करंगळी मलासुद्धा दिसली नव्हती. तिचे डोळे भरून आले असावेत. मी खिडकीबाहेर बघत होते, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही.

मिस्त्रींनी तिचा उजवा हात धरला, उजेडात नेला, फळी पारखतात तसा उलटासुलटा करून बघितला. मग सोडला.

"नखं वाढलीत," ते म्हणाले. "टीव्हीवर फार वाईट दिसतात. कापत जा."

चौकटवालीने डोळे मिटून घेतले. मिस्त्रींनी पाय आपटला. तिने डोळे आणखी घट्ट मिटले. त्यांनी आणखी जोरात आपटला, आणि खालची बाई खिडकीतून ओरडली, "अहो, छत!"